बिडाची चूल पडवीत

अकबरने चहात साखरेऐवजी मीठ घातलं, त्या दिवशी हफीजा मनापासून हसली. उभा जन्म जहाजांवर कुक म्हणून काढलेला माणूस, ज्याच्या हातचं जेवून कॅप्टन लोक खूश व्हायचे, त्याने बायकोला खारा चहा पाजला! तिने ही गोष्ट लोट्याला नोकरी करणाऱ्या मुलीला फोनवर सांगितली, राजापूरच्या बहिणीलाही सांगितली. दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा ती हसली नाही. आणि पुन्हा एकदा चहा खारट लागला तेव्हा तिने कप आपटलाच.

"परत तेच! तुमचं लक्ष असतं कुठे?"

अकबर हळूच म्हणाला, "आज चहा तू केलायस, हफीजा."

"मी? मी तर कपडे वाळत घालत होते."

"तूच केलास. मी केव्हाचा या खुर्चीवर बसलोय."

हफीजाने दोरीकडे पाहिलं. कपडे दोरीवर होते. ते तिने घातले होते हे नक्की, पण चहाच्या आधी की नंतर, हे काही केल्या तिला आठवेना. डोकंही जड झालं होतं. ती म्हणाली, "पावसाने नुसता वीट आणलाय," आणि तो चहा मोरीत ओतून टाकला.

त्यांचं घर पावस गावाच्या अलीकडे, रस्त्यापासून खाली उतरून. चिऱ्याचं, पुढे अंगण, मागे आंब्याची थोडी कलमं. मुलगा रय्यान दोह्याला, मुलगी मनाल लोट्याच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टीच्या खात्यात. घरात ही दोघंच.

आणि ती चूल. अकबरने बोटीवरच्या नोकरीच्या काळात मुंबईला दारूखान्याच्या जहाजतोडीच्या भंगारातून ती उचलून आणली होती. कुठल्याशा जुन्या बोटीवरची, सगळी बिडाची, चार माणसांना उचलत नाही एवढी जड. वर दोन झाकणं, खाली पाव भाजायला कप्पा, समोर लाकडं घालायचं दार. दारावर कुठल्याशा परक्या भाषेतली उठावाची अक्षरं, अर्धी झिजलेली. गॅस, कुकर, मिक्सर सगळं घरात आलं तरी अकबरची माया हिच्यावरच. घरात तिला चूल कुणी म्हणत नसे. नुसतं 'बिडाची'. "बिडाची पेटवली का?" "बिडाचीवर ठेव." तिच्यात केलेल्या नानखटाया ईदला अख्ख्या मोहल्ल्यात जायच्या.

एवढी वर्षं ती घरामागच्या खोपटात होती. खोपटाला तीन बाजूंनी भिंतच नव्हती, आणि धुराचा पाइप छपरातून सरळ वर गेलेला. अकबर तिची बडदास्त ठेवायचा. राख काढताना तळाला बोटभर थर मुद्दाम ठेवायचा, म्हणायचा की निखारा त्यावर टिकतो आणि जाळीही जळत नाही. काढलेली राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, तीसुद्धा घरापासून लांब. पावसाळ्याआधी पाइपचे तुकडे सोडवून काजळी खरवडायची, बिडाला तेलाचा हात फिरवायचा. ओलं लाकूड आत जाऊ द्यायचं नाही.

गेल्या वर्षी त्याचे गुडघे गेले. भर पावसात छत्री घेऊन खोपटापर्यंत जाताना एकदा घसरून पडलाही. तेव्हा रय्यानने दोह्याहून फर्मान काढलं: मागची पडवी बंद करून घ्या, वर पत्रा टाका, सरकत्या काचा लावा आणि ती चूल आत आणा. हफीजाला हे फारच पटलं. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, चादरींना वास येतो, मसाल्याला बुरशी लागते. बिडाची पडवीत आली तर सगळंच कोरडं राहील. फॅब्रिकेशनवाल्या दीपकने काम चोख केलं. पत्र्याला भोक पाडलं तर गळेल म्हणून त्याने पाइप वर न नेता कोपरा देऊन भिंतीतून आडवा बाहेर काढला आणि सांधे वेल्डिंगने बंद केले. अकबर कुरकुरला, "धूर सरळ वर गेला पाहिजे रे." दीपक म्हणाला, "चाचा, आता सगळीकडे असंच करतात." अकबरने मान हलवली. मुलाने एवढं केलंय, त्यात आपण खोट कशाला काढायची, असं त्याला वाटलं असावं.

या पावसाळ्यात बिडाची रोज पेटू लागली. काचा बंद, बाहेर पत्र्यावर ताशा वाजल्यासारखा पाऊस आणि आत सुकी ऊब. हफीजाला सुरुवातीला स्वर्ग मिळाल्यासारखं झालं होतं.

मग ते मीठ झालं. मग अकबर एका दुपारी नमाजाला उभा राहिला आणि संपवून पुन्हा उभा राहिला.

"आत्ताच पढलात की," हफीजा म्हणाली.

"कधी?"

"आत्ता. माझ्यासमोर."

तो जानमाजच्या चटईवर तसाच बसून राहिला. एकदा तो पडवीतून आत आला आणि कपाटाचं दार उघडून उभा राहिला. काय शोधताय विचारलं तर म्हणाला, "शोधत नाहीये. इथून बाहेर जायचं होतं ना?" हफीजाच्या चुलत सासऱ्यांचं शेवटी असंच झालं होतं. घरातल्या माणसांना ते पाहुणे समजायचे आणि पाहुण्यांना चोर.

तिने पहिलं काय केलं, तर करोनाच्या वेळी आणलेलं बोटाला लावायचं यंत्र शोधून काढलं आणि त्याच्या बोटाला लावलं. अठ्ठ्याण्णव. आपल्या बोटाला लावलं. तेही अठ्ठ्याण्णव. म्हणजे श्वासाचं काही नाही, हे नक्की झालं. राहिलं डोकं.

ती त्याला रत्नागिरीला डॉक्टरांकडे घेऊन गेली. गर्दी होती, बाहेरच्या व्हरांड्यात बराच वेळ बसावं लागलं. आत गेल्यावर डॉक्टरांनी तारीख विचारली, वार विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले. अकबरने सगळं बरोबर सांगितलं, वर डॉक्टरांना म्हणाला, "तुमच्या भिंतीवरचं घड्याळ मागे पडलंय." डॉक्टर हसले. म्हणाले, "वय झालं की थोडंफार व्हायचंच. स्कॅन करून घेऊ. वाढतंय का, लक्ष ठेवा." स्कॅनमध्ये वयाला साजेसंच सगळं निघालं. गोळ्या मिळाल्या.

परतताना रिक्षात हफीजा चिडलेली होती. "डॉक्टरसमोर बरे शहाणे झालात."

"मग काय वेडा व्हायला हवा होता?"

"मला खोटं पाडलंत तुम्ही."

अकबर बाहेर बघत राहिला.

घरी आल्यावर तिने स्कूटरची चावी मागितली. आपण मागू, तो भांडेल, मग आपण समजावू, अशी तिने मनात जुळवाजुळव केली होती. त्याने खिशातून चावी काढली आणि तिच्या हातावर ठेवली. कसलाही वाद नाही. तेच तिला फार लागलं. मग तिने गॅसचंही सांगितलं. "गॅसला हात लावायचा नाही. चालू राहिला तर घर जाईल. काय करायचं असेल ते बिडाचीवर करा. ती तुमच्या हातातली आहे."

म्हणून तो आणखीच पडवीत बसू लागला. लाकूडही धड नव्हतं. पाऊस लवकर लागला होता, आणि आंब्याच्या छाटणीचा लाकूडफाटा भरून ठेवायचा राहिला होता. लाकडं धुसफुसत, आतल्या आत काळी होत जळायची. अकबर चुलीची हवेची झडप अर्धी बंद ठेवायचा, म्हणजे फाटा पुरेल.

हफीजाचं स्वतःचं डोकं रोज दुपारनंतर ठणकू लागलं होतं. कधी मळमळायचं, कधी जिना चढून आल्यासारखी धाप लागायची, तीही जागच्या जागी. चष्म्याचा नंबर बदलला असेल, असं तिने ठरवलं. नवऱ्याची काळजी लागल्यावर बाईला दुसरं काय होणार?

जुलैच्या शेवटी बहिणीकडे, कौसरकडे, राजापूरला जायचं ठरलं. तिच्या नातवाचा अकीका, बाळाच्या जन्माचा सोहळा, होता. हफीजाला खरं तर अकबरला न्यायचं नव्हतं. चार लोकांत काही बोलला तर? पण एकट्याला घरी ठेवायचीही सोय नव्हती. एसटीने दोघं गेली. दुसऱ्याच दिवशी अर्जुना नदीला पूर आला, बाजारात पाणी शिरलं, आणि एका रात्रीचा मुक्काम चांगला आठवडाभर लांबला.

त्या आठवड्यात अकबरने काय काय केलं! आचारी पुरात अडकला म्हणून अकीक्याची बिर्याणी त्याने एकट्याने उतरवली. मीठ चाखून बघायचीसुद्धा गरज पडली नाही. पोरांना अंताक्षरीत हरवलं. कौसरच्या नवऱ्याला बंदरांची नावं एकामागून एक सांगितली, कुठे कुठलं मासळीचं कालवण खाल्लं त्यासकट. कौसरने हफीजाला बाजूला घेऊन विचारलं, "आपा, तू म्हणत होतीस भाऊजींचं डोकं चालत नाही. माझ्या मालकांपेक्षा बरं चालतंय की."

हफीजालाही तिथे हलकं वाटत होतं, डोकं एकदाही दुखलं नव्हतं. बहिणीची सोबत, दुसरं काय. पण अकबरचं काय? तिथे एवढा बरा, मग घरीच काय होतं त्याला?

ते परतले तेव्हा घर बंद राहून कुबट झालं होतं. भिंतींना ओल, गाद्यांना वास. अकबरने लगेच बिडाची पेटवली. हफीजाने काचा घट्ट लावून गाद्या पडवीत पसरल्या. संध्याकाळ व्हायच्या आत अकबर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "कौसर, हफीजा कुठे गेली?"

हफीजाच्या हातातली वाटी खाली पडली.

"मी कोण आहे?"

"तू..." तो थांबला. कपाळावर हात फिरवला. "तू हफीजा. आपण राजापूरला आहोत ना?"

तेव्हा तिचा तोल गेला. आठवडाभर मनात जे घोळत होतं ते सगळं बाहेर आलं. "तिकडे शहाणे! तिकडे बिर्याणी, तिकडे गप्पा! डॉक्टरकडे शहाणे! माझ्या घरात पाय ठेवला की वेड लागतं तुम्हाला? माझा कंटाळा आलाय तर तसं सांगा. ही नाटकं कशाला?"

अकबर खुर्चीचा आधार घेत खाली बसला. "नाटक करत असतो तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "मला कळत नाही, हफीजा. घरी आलो की कुणीतरी डोक्यावर ओली गोधडी टाकल्यासारखं होतं. मलाही वाटतं, मला हे घर सोसत नाही की काय."

घर सोसत नाही. हे घर तिने उभं केलं होतं, तो समुद्रावर असताना, एकेक चिरा समोर उभी राहून लावून घेतला होता. ती उलट काही बोलणार होती, पण बोलायचं काय होतं तेच तिला सापडेना. शब्द तोंडापर्यंत येत होते आणि विरत होते. ती आत गेली आणि मनालला फोन लावला.

"मनाल, अब्बांनी मला आज ओळखलं नाही गो."

"अम्मी, हे तू मघाशी सांगितलंस मला."

"मघाशी कुठे? आत्ताच तर झालं."

"मघाशी फोन केलास, हेच सांगितलंस. त्याच्याआधीही एकदा केलास. मी म्हटलं, येते उद्या. तू म्हणालीस बरं."

"मी फोनच केला नाही."

"अम्मी," मनालचा आवाज बदलला होता, "तू बरी आहेस ना?"

हफीजाने फोन ठेवला आणि ती तशीच बसली. मनाल असं का म्हणाली? पोरगी कामाच्या गडबडीत असेल, चुकत असेल. फोनमध्ये केलेले कॉल बघता येतात हे तिला माहीत होतं, पण ते कुठे बघायचं ते आठवेना. की बघायची भीती वाटत होती? नवऱ्याला काय झालंय हे शोधता शोधता तेच आपल्यालाही झालं, असं होतं का कुठे? असले आजार लागट नसतात, एवढं तरी तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. वाऱ्याने माडांचे शेंडे लोळवले होते, आणि तो समुद्राकडून सरळ पडवीच्या भिंतीवर येत होता. मनाल पहिली पाळी करून निघाली, चिपळूणला एसटी धरली, रत्नागिरीहून ओळखीच्या केरूची रिक्षा केली आणि चिंब भिजून संध्याकाळी घरी पोचली. अकबर पावाचं पीठ मळून, पाव कप्प्यात सारून चुलीसमोर बसला होता. हफीजा आत कॉटवर पडली होती. मनालला बघून ती उठली तर पाय लटपटले.

"किती गो भिजलीस. बॅग पडवीत सोड, कपडे दोरीवर घाल. बिडाची पेटलेलीच आहे."

मनालने पडवीत जाऊन बॅग उघडली. ओली ओढणी काढली, टॉवेल काढला. तेवढ्यात काहीतरी वाजायला लागलं. टीं टीं, टीं टीं, बारीक आणि कर्कश.

"फोन घे तुझा," हफीजा म्हणाली.

"माझा फोन नाही, अम्मी."

"मग अब्बांचा असेल."

अकबर मान वर करून ऐकत होता. "इंजिन रूमची घंटा आहे," तो म्हणाला. अगदी सहज, जसं कुणी दारावर आलंय म्हणावं.

मनाल बॅग चाचपू लागली. गणवेशाच्या शर्टाच्या कॉलरला एक पिवळं यंत्र चिकटलेलं होतं, काडेपेटीहून जरा मोठं. कंपनीत बॉयलरच्या बाजूला जाताना ते लावायचं आणि सुटताना गेटवर जमा करायचं असतं. एसटी चुकेल या घाईत ती विसरली होती. आता त्याच्यावर तांबडा दिवा उघडझाप करत होता. तिने आकडा पाहिला. यंत्र बिघडलं असं वाटून तिने ते झटकलं, उलट केलं, चुलीपासून दूर दाराकडे नेलं, पुन्हा जवळ आणलं. चुलीजवळ आकडा भराभर चढला.

"बाहेर," ती म्हणाली. मग ओरडली, "अम्मी, अब्बा, बाहेर! आत्ताच्या आत्ता अंगणात!"

"पाव आत आहेत," अकबर म्हणाला.

"पाव जाऊ देत!"

"झालं काय?" हफीजा विचारत होती. "आग लागली का? कुठे लागली?" तिला ना ज्वाळा दिसत होती ना धूर. फक्त मुलीचा पांढराफटक चेहरा दिसत होता. आग असेल तर विझवायला हवी, एवढंच तिच्या डोक्यात आलं. मोरीतली भरलेली बादली तिने कशीबशी उचलली आणि ती चुलीकडे निघाली.

"हफीजा, पाणी नको!" अकबर खुर्चीतून उठला आणि त्याने तिचं मनगट धरलं. "तापलेलं बीड आहे. तडकेल, तुकडे उडतील अंगावर." त्याची जीभ जड होती, पण हात घट्ट होता. त्याने बादली खाली ठेवायला लावली, चुलीचं दार लावलेलंच आहे ना ते पाहिलं, आणि मग मनाल दोघांना ढकलत, ओढत स्वयंपाकघरातून, माजघरातून, पुढच्या दारातून अंगणात घेऊन आली.

ते तिघं पावसात उभे राहिले. हफीजाला उलटी झाली. मनाल घराला वळसा घालून मागे गेली आणि बाहेरूनच ढकलून पडवीच्या काचा एकामागून एक सरकवून आली. केरूची रिक्षा अजून चढावावरच होती, तिने हाका मारून ती परत बोलावली.

"मनाल, मला सांग तरी," हफीजा रिक्षात म्हणत होती. "काय होतं ते?"

"चुलीचा वायू, अम्मी. त्याला वास नसतो, दिसत नाही. लाकूड धड जळलं नाही आणि धूर बाहेर गेला नाही की तयार होतो. आमच्याकडे त्याच्यासाठीच हे लावतात."

"पण धूर तर नव्हता घरात."

"म्हणून तर."

हफीजाला ते काही नीट समजलं नाही. ती अकबरचा ओला हात धरून बसली.

दवाखान्यात रक्त घेतलं. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी दोघांना शेजारशेजारच्या कॉटवर निजवून ऑक्सिजन लावला आणि पुन्हा पुन्हा विचारलं, किती दिवसांपासून होतंय, घराबाहेर गेल्यावर बरं वाटायचं का. राजापूरचं ऐकून त्यांनी मान हलवली. हफीजाने बोटाच्या यंत्राचं सांगितलं. "पण अठ्ठ्याण्णव होतं हो."

"ते यंत्र इथे फसतं, काकू. रक्तात ऑक्सिजन आहे की हा वायू, ते त्याला ओळखता येत नाही."

थोड्या वेळाने हफीजाचं डोकं निवळायला लागलं, तशी ती अस्वस्थ झाली. तोंडावरचा मास्क बाजूला करून ती शेजारी वळली. "अहो. मी काल जे बोलले..."

"मास्क लावा, काकू," नर्स ओरडली.

अकबरने आपल्या मास्कमधून काहीतरी उत्तर दिलं. ते तिला ऐकू आलं नाही, आणि पुन्हा विचारायचं तिने टाळलं.

चार दिवसांनी दीपक आला. मनालनेच बोलावला होता. त्याने भिंतीतला पाइप कापून काढला आणि अंगणात आडवा ठेवला. कोपऱ्यात डांबरासारखा काळा, चिकट थर साचून कडक झाला होता, मधे जेमतेम करंगळी जाईल एवढी वाट. दीपकने आत पाहिलं आणि तो उकिडवाच बसून राहिला. "चाचा, माझ्या डोक्यात फक्त गळतीचं होतं," तो म्हणाला. "वारा उलटा येईल हे सुचलंच नाही."

"मला सुचलं होतं," अकबर म्हणाला. "मीही गप्प बसलो. चल, आता वर कसा न्यायचा ते सांगतो."

पाइप पत्र्यातून सरळ वर गेला, घराच्या आढ्याच्याही वर, टोकाला टोपी लावून. भोकाभोवती पत्र्याची झालर आली. सांधे पुन्हा सुटे झाले. चुलीच्या दाराच्या खाचेतली झिजलेली जुनी दोरी काढून नवी, उष्णता सोसणारी बसवली. दार बंद करताना कागदाचा कपटा मधे धरायचा आणि ओढून बघायचा, तो सहज निघाला नाही म्हणजे दार घट्ट बसलं, हे अकबरने मनालला शिकवलं. एका खिडकीची काच कायमची काढून तिथे जाळी बसवली. मनालने भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचं यंत्र लावलं आणि दोघांना दहा वेळा बजावलं की ते वाजलं तर आधी बाहेर, मग प्रश्न. फाटा खोपटात वारा लागेल असा रचून झाला. तो सुकेपर्यंत बिडाची बंद, असं अकबरने स्वतःच जाहीर केलं. कपडे मग पंख्याखालीच वाळले, वास येत.

गणपतीच्या सुमारास ऊन पडलं. अकबरने चूल आधी लाकडाच्या थोड्या बारीक चिपाट्यांनी गरम केली. एकदम मोठा जाळ घातला तर बीड तडकतं, म्हणाला. पाइप तापल्यावर त्याने उदबत्ती लावून दाराच्या झरोक्याशी धरली. धुराची रेघ वाकली आणि आत ओढली गेली. "बघ," तो म्हणाला, "आता श्वास घेते ती."

हफीजाने भिंतीवरच्या यंत्राकडे पाहिलं. शून्य.

त्यानंतर सगळं पूर्वीसारखं व्हावं असं तिला वाटत होतं, आणि बरंचसं झालंही. तिचं डोकं दुखायचं थांबलं. अकबर एक नमाज एकदाच पढू लागला. तिने स्कूटरची चावी त्याच्यासमोर ठेवली तर तो म्हणाला, "राहू दे तुझ्याकडेच, गुडघा कुठे वाकतोय," आणि तिला ते खरं वाटलं. पण एकदा रत्नागिरीच्या मच्छीबाजारात, भर उजेडात, समुद्राच्या वाऱ्यात, तो पापलेटकडे बोट दाखवून नुसता उभा राहिला. त्याला नाव आठवत नव्हतं. मासेवालीने वाट पाहिली. हफीजाने नाव सांगितलं. तो "हां, तेच" म्हणाला आणि भाव करू लागला. तिने फोनवर डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "काही जणांना पूर्ण बरं व्हायला महिने लागतात. आणि वयही आहे. दोन्हीतलं कुठलं, ते आत्ता सांगता यायचं नाही. बघत राहू."

बघत राहायचं म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही. हफीजा बघत राहिली. तो हसला तरी बघायची, गप्प बसला तरी बघायची. आणि मधेच तिला वाटायचं की तोही आपल्याकडे तसाच बघतोय.

एका शुक्रवारी दुपारी त्याने पाव भाजले. जाळीच्या खिडकीतून वारा येत होता. हफीजाने कालवण वाढायला घेतलं तेव्हा अकबर म्हणाला, "आज कोण येणार आहे जेवायला?"

"कोणी नाही. का?"

"मग चार ताटं कशाला मांडलीस?"

हफीजाने वळून पाहिलं. चटईवर चार ताटं होती, चार पेले, सगळं नीट.

"मी नाही मांडली," ती म्हणाली. "मी कालवण बघत होते. तुम्ही मांडलीत."

"मी पाव काढत होतो."

दोघांनी एकदमच भिंतीवरच्या यंत्राकडे पाहिलं. शून्य होतं. अकबरने जवळ जाऊन त्याचं बटण दाबलं. ते मोठ्यांदा वाजलं आणि गप्प झालं, म्हणजे चालूही होतं.

"मनालला सांगायचं का?" हफीजाने विचारलं.

"काय सांगणार? ताटं जास्त झाली म्हणून?"

तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यात पाणी आलं. अकबरने गुडघ्यावर हात रोवून वाकून दोन ताटं उचलली, पेले त्यांच्यात ठेवले आणि मांडणीवर नेऊन ठेवले. मग तो येऊन बसला आणि त्याने गरम पाव मोडून अर्धा तिच्या ताटात घातला.

"मीठ बघ," तो म्हणाला.

तिने कालवणात बुडवून घास घेतला. "बरोबर आहे."

"नक्की?"

"नक्की," ती म्हणाली आणि जरा थांबून तिने आणखी एक घास घेऊन पाहिला.